दर रविवारच्या नूडल्स

कल्पना कर, तू शाळेत आहेस. मधली सुट्टी आहे, डबे उघडलेले आहेत. तुझ्या शेजारी बसणारी मुलगी जानेवारीपासून तुझ्याशी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘पट्टी दे’ यापलीकडे काही बोललेली नाही, आणि आज ती अचानक बोलायला लागली आहे. थांबतच नाहीये. तिचं बोलणं असंच चालू राहावं म्हणून तू काय करशील? मान डोलावशील. ‘मग?’ म्हणशील. आणि तुझं तुला कळायच्या आत तुझ्या तोंडून असं एक वाक्य निघून जाईल, जे खरं नाही.

डोळे मिटून बघ, जमतंय का. जमलं, तर श्रियाचं काय झालं ते तुला नीट समजेल आणि तू तिला लगेच खोटारडी म्हणणार नाहीस.

श्रिया डोंबिवली पूर्वेला राहते. चार मजल्यांची इमारत, तिसरा मजला. ती पाचवीत आहे. तिच्या शेजारी बसणारी संचिता सहा वर्षं हाँगकाँगला होती. तिचे बाबा तिथे एका जहाज कंपनीच्या ऑफिसात होते. यंदा ते सगळे परत आले आणि संचिताचं नाव श्रियाच्या वर्गात घातलं. ती रोज डबा उघडायची, दोन घास खायची आणि झाकण लावून टाकायची. मार्चमधल्या एका शुक्रवारी श्रियाने सहज विचारलं, की तुला पोळीभाजी आवडत नाही का. तेव्हा संचिता बोलायला लागली.

तिच्या तिथल्या इमारतीखाली एक लहानसं दुकान होतं. तिथले काका मोठ्या कढईत तांदळाच्या नूडल्स परतायचे. आपल्याकडच्या गाडीवर मिळतात तशा दोऱ्यासारख्या नाहीत. चांगल्या दोन बोटं रुंद, पांढऱ्या, मऊ, घसरगुंडीसारख्या गुळगुळीत. सोया सॉस पडला की तपकिरी व्हायच्या. त्यात कांद्याची पात, मुगाचे लांब पांढरे मोड आणि मांसाचे पातळ काप. तिकडे त्यात गाईचं मांस घालतात, पण संचिताच्या घरच्यांनी त्या काकांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे तिच्या ताटलीत कोंबडी असायची. काका कढई अशी उडवायचे की सगळ्या नूडल्स हवेत जाऊन परत खाली यायच्या, आणि एकही तुटायची नाही. हे सांगताना संचिताने हातानेच कढई उडवून दाखवली. शेजारच्या बाकावरची मुलं बघायला लागली, तरी ती थांबली नाही.

आणि श्रिया म्हणाली, “अगं, हे तर आमच्याकडे दर रविवारी करतात.”

का म्हणाली? तिलाही सांगता आलं नसतं. घंटा झाली तेव्हा संचिताने रविवारी साडेबाराला येण्याचं ठरवूनही टाकलं होतं.

श्रियाचा विचार असा होता, की घरी काही सांगायचं नाही आणि रविवारी पोट दुखायचं. पण त्याच संध्याकाळी संचिताच्या आईचा फोन आला. श्रियाच्या आईने, रसिकाने, तो पोळ्या लाटता लाटता खांद्यावर धरून घेतला. पलीकडून आवाज इतका आनंदात होता की श्रियाला स्वयंपाकघराच्या दारातसुद्धा ऐकू येत होता. तुम्ही दर रविवारी करता म्हणे. आमची मुलगी आल्यापासून नीट जेवलेली नाही हो. आज पहिल्यांदा घरी येऊन हसली. रसिकाने श्रियाकडे पाहिलं. ज्या नजरेने पाहिलं ती नजर तुझ्याही घरी असेल, तेव्हा मी वर्णन करत नाही. आणि मग रसिका फोनमध्ये म्हणाली, “हो, हो. पाठवा ना. आम्ही करतोच.”

फोन ठेवल्यावर तिने श्रियाला ओरडायला सुरुवात केली, पण मध्येच अडखळली. कारण आता खोटं दोघींचं झालं होतं.

शनिवारी सकाळी त्या दोघींनी शोध घेतला. दुकानात तांदळाच्या नूडल्सचं पाकीट मिळालं, पण त्या शेवयांहून बारीक होत्या. रुंद नूडल्स दुकानदाराने ऐकलेल्याही नव्हत्या. मग रसिकाने मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातली बाई चिनी बोलत होती आणि फार भराभर करत होती. तांदळाचं पीठ पाण्यात कालवते एवढं समजलं. रसिकाने पीठ कालवलं आणि तव्यावर ओतलं. झालं घावन. जाळी सुरेख पडली होती. घावन म्हणून कुणीही नाव ठेवलं नसतं. तिने त्याच्या पट्ट्या कापल्या, कढईत टाकल्या आणि दोनदा परतल्या. पट्ट्यांचा भुगा झाला.

दुसऱ्या वेळी पीठ घट्ट केलं. त्याचं थालीपीठ झालं. तिसऱ्या वेळी श्रियाच्या बाबांनी, देवरामने, सुचवलं की त्यात थोडा मैदा घाला, मैद्याने सगळं चिकटतं. चिकटलं. तव्याला चिकटलं, आणि तवा दुपारपर्यंत भिजत ठेवावा लागला.

हे सगळं गोदूआत्या बघत होती. गोदूआत्या म्हणजे देवरामची आत्या. श्रिया तिला आत्याआजी म्हणते. ती जुन्नरकडच्या गावाला राहते आणि दरवर्षी मार्चमध्ये पंधरा दिवस डोंबिवलीला येते, ती फक्त वाळवणं घालायला. कुरडया, पापड, सांडगे, सगळं वर्षभराचं करून, डब्यांत भरून, झाकणावर चिकटपट्टी लावूनच परत जाते. त्या पंधरा दिवसांत या घरात कुणाचीच सत्ता चालत नाही. बाल्कनीतलं मोठं पातेलं गुरुवारपासून तिने अडवून ठेवलं होतं. त्यात तांदूळ भिजत होते, रोज पाणी बदलून. त्याला कुणी हात लावायचा नाही, असं सांगितलेलं होतं.

आत्याने त्या तीन घावनांची दशा पाहिली. मग तिने मोबाइल मागितला, चष्मा पुसला आणि त्या चिनी बाईला पुन्हा पहिल्यापासून बघितलं. ती बाई पातळ पीठ एका सपाट ताटलीत ओतत होती, ताटली वाफेवर ठेवत होती, आणि शिजलेला पांढरा पापुद्रा कडेने सोडवून सोलून काढत होती.

“ही तर सालपापडी करतीये,” आत्या म्हणाली. “त्यात काय बघायचंय? मी पन्नास वर्षं करते.”

तुला सालपापडी माहीत नसेल तर सांगतो. भिजवलेले तांदूळ गंधासारखे मऊ वाटायचे, पीठ ताकाएवढं पातळ करायचं. तेलाचं बोट लावलेल्या ताटलीत पळीभर ओतून ताटली तिरकी फिरवायची, म्हणजे पीठ सगळीकडे सारखं पसरतं. मग उकळत्या पाण्यावर ठेवून वर झाकण. दोन मिनिटांत पापडी पारदर्शक होते. ती सोलून काढायची. वाळली की तळून खायची. आत्याने गुरुवारपासून जे भिजत घातलं होतं, ते याच्यासाठीच होतं.

श्रियाला इतका आनंद झाला की ती आत्याच्या गळ्यातच पडली. आत्याने तिला बाजूला केलं आणि सांगितलं, की वर्षाच्या तांदळातले दोन मापटी देते, जास्त मागायचे नाहीत. मग ते वाटून तिने त्यात जिरं घालायला घेतलं. रसिका म्हणाली, जिरं नको. आत्या म्हणाली, जिऱ्याशिवाय पापडी कशी लागेल? रसिका म्हणाली, ही पापडी नाही. आत्या म्हणाली, मग काय आहे? यावर अर्धा तास गेला. जिरं पडलंच, पण पापडखार पडता पडता राहिला, आणि खसखशीची पुडी श्रियाने दप्तरात लपवून ठेवली.

रविवारी सकाळी सातलाच काम सुरू झालं. पहिली पापडी आत्याने केली. तिने सुरीच्या टोकाने कड सुटी केली, दोन्ही हातांनी पापडी अलगद उचलली आणि उजेडात धरली. पलीकडची खिडकी दिसत होती. रसिकाने तिला तेलाचा हात लावला, घडी घातली आणि दोन बोटं रुंद पट्ट्या कापून बघितल्या. एक पट्टी श्रियाने खाल्ली. मऊ, गुळगुळीत. तिने हवेत उडवून बघितली, तुटली नाही. संचिताने हातांनी कढई उडवली होती ते तिला आठवलं.

मग एकामागून एक पापड्या निघायला लागल्या. आत्या ओतायची, श्रिया झाकण ठेवायची, मनात एकशेवीसपर्यंत मोजायची. नऊ वाजेपर्यंत सव्वीस पापड्या झाल्या. त्या एकीवर एक, मध्ये तेलाचं बोट, अशा दोन परातींत रचून ठेवल्या. ऐन वेळी कापायच्या, असं ठरलं. नाहीतर पट्ट्या एकमेकींना चिकटतात.

देवरामला मोड आणायला पाठवलं होतं. तो अर्धा किलो मटकी घेऊन आला. छान मोड आलेली, उसळीची मटकी. रसिकाने कोंबडीचे काप करता करता वर पाहिलं आणि विचारलं, की हे काय आहे.

“मोड,” देवराम म्हणाला.

“लांब पांढरे सांगितले होते. मुगाचे.”

“याचे पण लांबच आहेत की. माणसाने किती लांब मोड आणायचे?”

रसिकाने सुरी खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले. मग त्याला परत पाठवलं. या वेळी सोबत श्रियाला दिलं, म्हणजे कांद्याची पात म्हणून तो लसणाची पात आणणार नाही. निघताना श्रियाने आत्याला सांगितलं, की परातींकडे लक्ष ठेव, पापड्यांना काही होऊ देऊ नकोस.

लक्षात ठेव हं, नेमकं हेच सांगितलं होतं. काही होऊ देऊ नकोस.

बाजारात लांब मोड कुठे मिळेनात. तिसऱ्या भाजीवाल्याने सांगितलं, की चायनीजच्या गाडीवाल्याला विचारा. गाडीवाला अजून झोपलेला होता. त्याच्या भावाने सांगितलं की ते कोबीच वापरतात. देवराम म्हणाला, मग आपणही कोबीच घालू. श्रिया म्हणाली, नाही. शेवटी स्टेशनजवळच्या एका दुकानात फ्रीजमधलं पाकीट मिळालं. परत येताना रिक्षा एका जागी पंधरा मिनिटं उभी राहिली, कारण पुढे रस्ता खणून ठेवला होता. देवरामने त्या काळात रिक्षावाल्याला आपल्या घरी आज काय होणार आहे ते सगळं सांगून टाकलं. रिक्षावाला म्हणाला, मग मला पण बोलवा. श्रियाने खिडकी असती तर काच वर केली असती.

ती जिना धावतच चढली. सव्वाअकरा झाले होते. रसिका आंघोळीला गेली होती. कोंबडीच्या कापांना सोया सॉस, कॉर्नफ्लॉवर आणि चमचाभर तेल चोळून ते झाकून ठेवलेले होते. लोखंडी कढई घासून चकचकीत केलेली होती. सगळं जागच्या जागी होतं.

पराती रिकाम्या होत्या.

श्रियाने ओट्याखाली पाहिलं. फ्रीज उघडला. परत पराती बघितल्या, जणू मघाशी नीट बघितल्या नसाव्यात. आत्याही घरात नव्हती. मग तिची नजर दारामागच्या खिळ्यावर गेली. गच्चीची किल्ली तिथे नव्हती.

आता तू विचार कर. मार्चमधला सव्वाअकराचा सूर्य. डोंबिवलीतली सिमेंटची गच्ची. श्रिया वर पोचली तेव्हा आत्या आणि समोरच्या फ्लॅटमधल्या केशरबाई पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून गप्पा मारत होत्या. त्यांच्यासमोर एक जुनं सुती लुगडं अंथरलेलं होतं, चारी कोपऱ्यांवर विटा. त्यावर सव्वीस पापड्या ओळीने मांडलेल्या. एकीची कड दुसरीला लागलेली नव्हती. इतकं सुंदर वाळवण त्या गच्चीवर यंदा कुणाचंच नव्हतं.

“ऊन काय लागलंय बघ,” आत्या म्हणाली. “संध्याकाळपर्यंत खणखणीत होतील.”

श्रिया वाकली. तिने एक पापडी उचलायचा प्रयत्न केला. कडा वर वळून कडक झाल्या होत्या, मधला भाग अजून ओलसर होता आणि लुगड्याला चिकटून बसला होता. पापडी निघाली नाही, फाटली.

“का?” श्रिया म्हणाली. तिला एवढाच शब्द सापडला.

आत्याने सांगितलं. तूच म्हणालीस ना, काही होऊ देऊ नको. ओल्या पापड्या परातीत ठेवल्या असत्या तर उकाड्याने आंबल्या असत्या. केशरबाई साखर मागायला आल्या होत्या, त्याही म्हणाल्या, की अहो, उन्हं चढली, अजून खालीच कशा? मग दोघींनी मिळून वर आणल्या. आत्याचा गुडघा दुखतो, म्हणून जड परात केशरबाईंनी घेतली. दोन फेऱ्या झाल्या.

“आत्याआजी, त्या ओल्याच हव्या होत्या.”

“ओल्या पापडीचं करायचं काय असतं?”

“खायची असते.”

“ते तळून.”

“आज तळायची नव्हती. आज ओली कापायची होती. काल अर्धा तास बोललो आपण. मोबाइलवर दाखवलं. सकाळी तुझ्यासमोर कापली ना आईने?”

आत्याने फाटलेली पापडी बोटाने सारखी केली. ती लुगड्याकडे बघत राहिली. केशरबाईंनी पदर सावरला आणि कुठेतरी दुसरीकडे पाहिलं.

“मला माहीत होतं की,” आत्या शेवटी हळूच म्हणाली. “सोलली की उन्हात. हातांनीच नेल्या, बाई. हातांनी मला विचारलंच नाही.”

यावर श्रियाला आणखी रागवायचं होतं, पण कसं रागवायचं ते तिला समजेना. तिने पाय आपटला. चप्पल नव्हती, गच्ची तापलेली होती, पाय भाजला. म्हणजे तेही धड झालं नाही.

खाली येऊन सगळ्यांनी उपाय सुचवले. ते मी क्रमाने सांगत नाही, कारण ते क्रमाने आलेच नाहीत. सगळे एकदम बोलत होते. देवराम म्हणाला, कोमट पाण्यात भिजवा. भिजवल्या. कडा कडकच राहिल्या आणि मधलं खळीसारखं विरघळलं. केशरबाई म्हणाल्या, तळून वर सोया सॉस शिंपडा, त्या मुलीला काय कळणार आहे. श्रिया म्हणाली, तिलाच तर कळणार आहे, इथे दुसऱ्या कुणी ते खाल्लंय का? रसिका ओल्या केसांना टॉवेल बांधून उभी होती. तिने सांगितलं, की आपण तिला म्हणू, आज आत्यांची तब्येत बरी नाही. आत्या म्हणाली, माझी तब्येत ठणठणीत आहे. देवराम म्हणाला, गाडीवरून हक्का नूडल्स आणतो, आता उठला असेल तो. मग केशरबाईंनी विचारलं, की साध्या शेवया नाही का चालायच्या?

वाटलेलं पीठ किती उरलंय, हे कुणीच बघितलं नव्हतं. श्रियाने पातेलं तिरकं केलं. तळाशी होतं थोडं. पाच पापड्या होतील, फार तर सहा. एका मुलीची एक ताटली.

तेवढ्यात बेल वाजली. बारा वाजून वीस मिनिटं. काही लोक दहा मिनिटं लवकर येतात, आणि ते नेमके अशाच दिवशी येतात.

दारात संचिता होती, इस्त्रीचा फ्रॉक, हातात एक लांबट डबी. तिचे बाबा जिन्यातूनच नमस्कार करून परत गेले. दोन वाजता न्यायला येतो म्हणाले. संचिताने चपला सरळ ठेवल्या, आत येऊन डबी उघडली. त्यात नूडल्स खायच्या काड्यांच्या दोन जोड्या होत्या. एक तिची, एक श्रियासाठी. श्रियाची लाल होती.

आणि मग घरातल्या मोठ्या माणसांनी, ज्यांनी सकाळपासून श्रियाचा नुसता जीव खाल्ला होता, तिला वाचवायला सुरुवात केली.

रसिका म्हणाली, की आज जरा उशीर झाला गं, नाहीतर दर रविवारी बाराला पानं घेतलेली असतात. देवराम म्हणाला, की मी तर खाऊन खाऊन कंटाळलो, गेल्या रविवारी मी सरळ वरणभात मागितला. केशरबाईंना गप्प बसता येईना. त्या म्हणाल्या, की दर रविवारी समोर आमच्या घरापर्यंत वास येतो. कसला वास, ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त गोदूआत्या त्यात सामील झाली नाही. ती पाटावर बसून ताटल्या पुसत होती, पुसलेल्याच परत पुसत होती.

संचिताचा चेहरा उजळत चालला होता. तिने ओट्यावरची कढई बघितली, मोडांचं पाकीट बघितलं आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखी हसली. शुक्रवारी बोलत होती तशीच ती बोलायला लागली. तिच्या आईला हे कधीच करता आलं नाही. दोनदा केलं, दोन्ही वेळा लापशी झाली. आता श्रियाकडून शिकून ये, असं आईने सांगितलंय. मग ती जरा थांबली आणि रसिकाकडे वळली.

“काकू, मी दर रविवारी आले तर चालेल?”

देवराम घड्याळाकडे बघू लागला. रसिकाने ओठ उघडले. त्यातून ‘हो’ येणार हे श्रियाला दिसलं. आईचा तो ‘हो’ तिने फोनवर ऐकला होता. आता हा दुसरा. पुढच्या रविवारी तिसरा लागला असता, मग चौथा. दर रविवारी कुणाची ना कुणाची तब्येत बिघडवावी लागली असती. संचिता आठवडाभर वाट बघून, चपला सरळ ठेवून, काड्या घेऊन आली असती.

“आम्ही दर रविवारी करत नाही,” श्रिया म्हणाली.

रसिका म्हणाली, अगं, तसं नाही, म्हणजे कधी कधी –

“कधीच नाही. आज पहिल्यांदा केल्या, आणि त्या पण बिघडल्या. गच्चीवर आहेत. मी तुला खोटं सांगितलं.”

संचिताने तिच्याकडे पाहिलं. मग एकेका मोठ्या माणसाकडे पाहिलं. केशरबाईंना आपल्या गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं आणि त्या निघून गेल्या. संचिताने काड्यांच्या डबीवर बोट फिरवलं, पण डबी बंद केली नाही.

“का सांगितलंस?”

“तू बोलायची थांबशील म्हणून.”

संचिता यावर हसली नाही. तिला राग आलेला दिसत होता, आणि तो येणं बरोबरच होतं. तिने विचारलं, की म्हणजे इथे कुणालाच येत नाही का? देवरामला अजूनही काहीतरी म्हणायचं होतं. रसिकाने त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प बसला. श्रियाने मान हलवली. कुणालाच येत नव्हतं. त्या घरात ती नूडल्सची ताटली प्रत्यक्ष पाहिलेलं एकच माणूस होतं, आणि ते दारापाशी उभं राहून आता घरी फोन करायचा की नाही याचा विचार करत होतं.

श्रियाने आणखी काही समजावलं नाही. ती ओट्यापाशी गेली. तळाशी बसलेलं पीठ तिने पळीने ढवळून सारखं केलं. आत्याच्या हातातली ताटली मागून घेतली, तेलाचं बोट फिरवलं, पळीभर पीठ ओतलं आणि ताटली तिरकी करून पसरवलं. एका बाजूला जाड झालं, एका बाजूला पातळ. तिने ताटली वाफेवर ठेवली, झाकण लावलं आणि मोठ्याने मोजायला लागली. एकशेवीस झाल्यावर झाकण काढलं, पापडी सोलली. कडेला थोडी फाटली. दुसरी नीट निघाली, तिसरी त्याहून नीट. पाच झाल्या. पीठ संपलं. तिने त्यांना तेलाचा हात लावला, एकीवर एक घड्या घातल्या आणि दोन बोटं रुंद पट्ट्या कापल्या.

मग तिने लोखंडी कढई मोठ्या गॅसवर ठेवली, तेल घातलं, भिंतीशी ठेवलेलं स्टूल ओढून गॅससमोर आणलं आणि उलथनं संचितापुढे धरलं.